नापास करण्याआधीचे आठ आठवडे

पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली तेव्हा ठाण्यातल्या कुठल्याही शाळेच्या गेटबाहेर पालकांचे दोन पक्ष पडलेले दिसायचे. एक म्हणायचा, बरं झालं, मुलांना परीक्षेची भीतीच राहिली नव्हती, सगळी ढकलपास होत होती. दुसरा म्हणायचा, दहा वर्षांच्या पोरावर नापासाचा शिक्का मारून मिळवणार काय, त्याची शाळाच सुटेल. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण दोघंही भांडतायत ते एप्रिल महिन्याबद्दल. ज्या मुलावरून हे भांडण चाललंय ते जुलैत मागे पडायला लागतं, ऑगस्टमध्ये बाईंच्या ध्यानात येतं आणि तिथून एप्रिलपर्यंत त्याच्या बाबतीत काहीही घडत नाही. मला बोलायचंय ते या मधल्या महिन्यांबद्दल.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरलं. २०१९मध्ये हे कलम बदललं आणि पाचवी-आठवीला परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास त्याच वर्गात बसवायचं की नाही हे राज्यांवर सोपवलं गेलं. महाराष्ट्राने २०२३मध्ये आपले नियम बदलून २०२३-२४ पासून या परीक्षा सुरू केल्या. केंद्रानेही डिसेंबर २०२४मध्ये आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तोच रस्ता धरला.

या दुरुस्तीत एक वाक्य आहे, ज्याकडे दोन्ही पक्षांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवावं आणि निकाल लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याची फेरपरीक्षा घ्यावी, असं कायदा सांगतो. आता हे दोन महिने आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. आपल्याकडे शाळांचा निकाल लागतो १ मेच्या आसपास. लगेच सुट्टी. मूल आईबरोबर गावी जातं, कुणी कोकणात, कुणी जालना-परभणीकडे, कुणी थेट उत्तर प्रदेशात. बाईही सुट्टीवर. शाळा उघडते जूनच्या मध्यावर आणि उघडल्याबरोबर फेरपरीक्षा. जादा शिकवणार कोण, कधी आणि कुणाला? वर्षभर जे जमलं नाही ते मे महिन्यात आंबे खाता खाता जमेल, असं कुणी मनापासून मानत असेल तर त्याला माझा नमस्कार.

मुळात ही जबाबदारी नवी नाही. त्याच २००९च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहावी आणि गरज असेल तसं त्याला जादा शिकवावं, हे त्यातलंच एक. म्हणजे मधल्या महिन्यांतली मदत कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. शाळेच्या वेळापत्रकात मात्र तिला तास नाही आणि शाळेच्या पटावर तिच्यासाठी माणूस नाही.

नेमकं काय चुकतं ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ वाटेल. मी आयुष्यभर ठाण्यात हायस्कुलात शिकवलं, हल्ली अधूनमधून छोट्या मुलांना वाचायला शिकवतो. सहावीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आली. अक्षर इतकं सुरेख की कुणीही शाबासकी द्यावी. समास आखलेला, तारीख घातलेली, फळ्यावरचं उत्तर काना-मात्रेसकट उतरवलेलं. म्हटलं, वाच. त्याला ते वाचता येईना. स्वतःच्याच हाताने लिहिलेलं! तो अक्षरांची चित्रं काढत होता. ‘शेतकऱ्याने’ शब्द आला की पहिली दोन अक्षरं वाचायची आणि बाकीचं अंदाजाने, ‘शेतात’. ‘सूर्य’ला अडला, ‘चक्र’ला अडला, ‘ट्रक’ मात्र फटकन वाचला, कारण तो शब्द त्याने रस्त्यावर पाहिलेला. ‘र’ जोडाक्षरात किती रूपं घेतो बघा. सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी येतो, ट्रकमध्ये वेगळाच दिसतो आणि कऱ्हाडमध्ये आणखी वेगळा. आपल्या लिपीत हे सगळं बसायला वेळ लागतो. हा मुलगा दुसरीत असताना दिवाळीनंतर बराच काळ गावी होता आणि वर्गाची जोडाक्षरं नेमकी तेव्हाच झाली. त्यानंतर ती त्याला कुणी पुन्हा शिकवली नाहीत. तिसरीच्या बाईंना वाटलं दुसरीत झालीच असतील, चौथीच्या सरांना वाटलं तिसरीत झाली असतील. सहावीत तो प्रकाशसंश्लेषण उतरवून घेत होता.

मुलगा मंद नव्हता. त्याला आजार नव्हता, अध्ययन अक्षमता नव्हती. त्याला रोज अर्धा तास, पाच-सहा मुलांच्या गटात, नेमकी जोडाक्षरं शिकवणारं माणूस हवं होतं, तेही काही आठवडेच. आपल्या शाळांत उणीव आहे ती नेमकी याच गोष्टीची.

जगात यावर बराच विचार झालेला आहे. अमेरिकेत पूर्वी एखादं मूल वाचनात मागे आहे म्हणून मदत मिळवायची तर बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष प्रगती यांत मोठी तफावत दिसावी लागायची. पहिली-दुसरीत ती तफावत पुरेशी दिसतच नाही. म्हणून मूल साफ आपटेपर्यंत शाळा वाट पाहत बसायची. त्यावर टीका झाली आणि २००४च्या कायद्याने वेगळा मार्ग मोकळा केला. आधी मदत द्या, मूल त्या मदतीला कसा प्रतिसाद देतं ते मोजा आणि त्यावरून पुढचं ठरवा. यातून तीन पायऱ्यांची रचना रूढ झाली. पहिली पायरी म्हणजे सगळ्या वर्गाला मिळणारं चांगलं शिकवणं. दुसरी, थोड्या मुलांना छोट्या गटात, ठरावीक काळ, नेमक्या कमतरतेवर मदत. तिसरी, अगदी मोजक्या मुलांसाठी एकेकट्याने, तज्ज्ञांच्या हाताखाली. साधारण अंदाज असा की पहिली पायरी नीट असेल तर शंभरातल्या ऐंशी मुलांना ती पुरते, पंधरांना दुसरी लागते, पाचांना तिसरी. फिनलंडमध्ये २०११ ते २०२५ या काळात अशीच तीन टप्प्यांची मदत कायद्यात होती. वागणुकीच्या प्रश्नांनाही हीच रचना लावली जाते, त्याकडे पुढे येतो.

आता आपल्याकडे बघा. पहिली पायरी आहे, म्हणजे वर्ग भरतो. आणि तिसरी पायरीसुद्धा आहे, हे आपल्या भागाचं वैशिष्ट्यच म्हणावं लागेल. नवी मुंबई महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी जे काम करतं ते राज्यात नावाजलेलं आहे. ठाणे महापालिकेची विशेष मुलांसाठी जिद्द शाळा आहे. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका मिळून सिग्नल शाळा चालवतात. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना तिथे आंघोळ, जेवण आणि मग अभ्यास मिळतो. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांपाशी शाळाच उठून आली. आणि मनाच्या आरोग्याचं म्हणाल तर डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था ठाण्यात १९९०पासून उभी आहे.

म्हणजे अपवादाला हात द्यायला हे शहर कमी पडत नाही. कमी पडतं ते तिसऱ्या बाकावरच्या साध्या मुलासाठी. ते रोज शाळेत येतं, कुणाला त्रास देत नाही, कुठल्याही दाखल्यात बसत नाही आणि वाचता येत नसताना वरच्या वर्गात जातं. त्याच्यावर बातमी होत नाही, त्याच्या नावाने उद्घाटन होत नाही.

कागदावर त्याच्यासाठी ‘उपचारात्मक अध्यापन’ आहे. शिक्षक मंडळी हे वाचून हसतील, कारण या नोंदी कशा होतात ते त्यांना माहीत आहे. आधी अप्रगत विद्यार्थ्यांची यादी होते, मग शाळा सुटल्यावर किंवा परिपाठाच्या आधी वीस मिनिटं त्यांना थांबवून तोच धडा पुन्हा घेतला जातो. बाई त्याच, फळा तोच, आवाज तेवढा थोडा मोठा. ज्याला जोडाक्षर येत नाही त्याला पाचवीचा पाठ दोनदा ऐकवल्याने ते येत नाही. पण नोंदवहीत तास भरतो आणि शेवटी वर्णनात्मक नोंदीत ‘प्रयत्न करतो’ असं लिहिलं जातं. इतक्या वर्षांत ‘प्रयत्न करतो’ याचा खरा अर्थ पालकांनाही कळायला लागलाय.

शाळा ही मधली पायरी देत नाही तेव्हा बाजार देतो. ठाण्यातल्या नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आणि नवी मुंबईत प्रत्येक सेक्टरमध्ये क्लासच्या पाट्या मोजायला बसाल तर थकाल. पहिलीच्या मुलाचाही क्लास असतो. क्लास म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली दुसरी पायरीच. तीही बहुतेक वेळा गृहपाठ उरकून देण्यापुरती. तुर्भे स्टोअर्समधल्या नाका कामगाराच्या मुलीला तीसुद्धा नाही. तिची आई सहा वाजता नाक्यावर उभी राहते, ती गृहपाठाच्या वहीवर सही करेल अशी अपेक्षा धरणारी शाळा गंमतच करते म्हणायची. पुन्हा या मुलीच्या घरी बोलतात ती भाषा वेगळी, शाळेतली मराठी वेगळी. दिघा, ऐरोली, कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात हे रोजचं आहे. तिथे पहिली पायरीही डळमळीत असते, याकडे आत्ताच येतो.

त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर हा अमेरिकेहून आणलेला नवा फंडा वाटेल. दुसरी पायरी आपल्या खाडीपलीकडेच आधी बांधली गेली होती. मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रथम या संस्थेने नव्वदच्या दशकात बालसखी नावाचा उपक्रम सुरू केला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतली वाचन-गणितात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि शाळेच्या वेळातच रोज दोन तास. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. त्या काळीही ते फारच थोडं होतं, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००७मध्ये छापून आले. पुढे २०१९मध्ये या दोघांना नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या प्रयोगांसाठी. मुलांचे गुण वाढले आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागच्या मुलांचे.

त्या तपासणीतला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मागची मुलं बालसखीकडे गेल्यावर वर्ग लहान झाला, तरी वर्गात उरलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढली नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही. कुणाला काय येत नाही ते हेरून तेवढंच शिकवलं, म्हणून फरक पडला. आणि तिसरा निष्कर्ष कडू आहे. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात वाढलेल्या गुणांतला बराच भाग ओसरला. म्हणूनच एकदा मोहीम काढली, फोटो काढले, संपलं, असं करून चालत नाही. वेळापत्रकात कायमचा तास हवा तो यासाठी.

अमेरिकेच्या अनुभवातही एक ठेच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. २०१५मध्ये तिथल्या सरकारी मूल्यमापनात असं दिसलं की पहिलीतली जी मुलं मदतीच्या रेषेच्या थोडी खाली होती आणि म्हणून गटात घातली गेली, ती रेषेच्या थोडी वर असलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. अनेक शाळांत ही जादा मदत मुख्य वाचनाच्या तासातच दिली जात होती. म्हणजे काही मुलांच्या ताटातली भाजी काढून चटणी वाढली. तेव्हा जादा तास हा जादाच हवा. मराठीचा तास कापून नको आणि खेळाचा तर मुळीच नको. मागे पडलेल्या मुलाला जिथे मान मिळतो असा तो एकच तास असतो.

आता ऐंशी-पंधरा-पाचच्या त्या अंदाजाबद्दल. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत २०२४मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४४.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना तो वाचता येत नव्हता. ही पाहणी ग्रामीण भागाची असते, ठाणे-नवी मुंबई शहरं तिच्यात येत नाहीत. हा आकडा आपल्यावर जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण मजूर वस्तीतल्या शाळेत शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा, आमच्याकडे चित्र फार वेगळं आहे असं त्या म्हणणार नाहीत. अशा वर्गात पंधरा टक्क्यांना बाजूला काढून मदत देणं ही थट्टा होईल. ज्या वर्गातली निम्मी मुलं मागे आहेत तिथे मुलांना ‘अप्रगत’ म्हणण्याआधी वर्गातलं शिकवणंच तपासावं लागतं. तिथे रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून सगळ्याच मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करावे लागतात. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेद वाचणारे तिसरीकडे. बालसखीनंतर प्रथमने हीच पद्धत पुढे नेली. ती जमते, हे आता सिद्ध करत बसायला नको.

वागणुकीचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण शाळेत खरी आग तिथेच असते. कलम सतरानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, ते योग्यच झालं. पण छडी काढून घेतली आणि तिच्या जागी हातात काहीच दिलं नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. ‘आता हात लावता येत नाही, मग करायचं काय?’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येतो. उत्तर म्हणून शाळेकडे चार गोष्टी असतात: बाहेर उभं करणं, डायरीत शेरा लिहिणं, पालकांना बोलावणं आणि खासगी शाळेत शेवटी दाखला घेऊन जा म्हणणं. या चारही एकाच जातीच्या आहेत. मुलाला वर्गातून दूर करायच्या.

एक प्रसंग बघा, कुठल्याही शाळेत घडणारा. सातवीचा वर्ग, मराठीचा तास, प्रकट वाचन रांगेने चाललंय. पाळी एकेक बाक पुढे सरकतेय. चौथ्या बाकावरचा मुलगा, पाळी दोन बाकांवर आली की पुढच्याच्या पाठीत पेन खुपसतो किंवा कंपास पाडतो. बाई वैतागून म्हणतात, ‘चल, बाहेर उभा राहा.’ तो हसत बाहेर जातो. वर्गाला वाटतं हा निर्लज्ज. खरं तर त्याची सुटका झालेली असते. वाचता येत नाही हे चाळीस मुलांसमोर उघडं पडण्यापेक्षा दंगेखोर ठरणं त्याने निवडलंय आणि माझ्या मते तो हुशारीचा निर्णय आहे. प्रत्येक वेळी त्याला बाहेर काढून आपण त्याला हे शिकवतो की या युक्तीने काम होतं.

ही गोष्ट लक्षात यायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, वही लागते. कुठे झालं, कितव्या तासाला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, नंतर मुलाला काय मिळालं, एवढ्या चार रकान्यांची. महिनाभर नोंदी केल्या की बहुतेक वेळा दिसतं की भांडणं सगळीकडे सारखी नसतात. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, जिन्यावर, पाण्याच्या नळापाशी, ठरावीक विषयाच्या तासाला ती गोळा होतात. जिन्यावरच्या मारामारीला समुपदेशक कशाला हवा, सुट्टी संपताना तिथे एक शिक्षक उभा राहिला तरी पुरतं. ही वागणुकीची पहिली पायरी. वर्षाच्या सुरुवातीला रांग कशी लावायची, वाद झाला तर कुणाकडे जायचं, हे बजावून नव्हे तर करून घेऊन शिकवणं, हेही तिच्यातच येतं.

दुसऱ्या पायरीवर एक साधा उपाय परदेशांतल्या शाळांत फार वापरतात. मूल सकाळी आल्यावर शाळेतल्या एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतं, दोन-तीन मिनिटं बोलतं, आज काय सांभाळायचं ते ठरवतं. हातात एक कार्ड असतं, त्यावर प्रत्येक तासाचे शिक्षक खूण करतात. सुटताना त्याच माणसाला भेटून कार्ड दाखवायचं आणि घरी न्यायचं. तो मोठा माणूस पीटीचे सर असू शकतात, ग्रंथपाल असू शकतात, आपल्याकडे तर शाळेतल्या मावशी किंवा मामा यांच्याइतकं मुलांना ओळखणारं दुसरं कुणी नसतं. याला खर्च जवळपास नाही. लागतो तो मुख्याध्यापकांचा आग्रह, तोही रोजचा.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, हे त्यात आहे. त्याचं स्वागतच आहे. पण खालच्या दोन पायऱ्या नसतील तर काय होईल ते दिसतंच आहे. डबा चोरला, समुपदेशकाकडे पाठवा. गृहपाठ नाही, समुपदेशकाकडे पाठवा. ज्या दोन मुलांच्या घरात खरोखर काही भयंकर चाललंय त्यांची पाळी येईपर्यंत दिवाळी उजाडेल. विशेष शिक्षकांचंही तसंच. प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये घालून दिलं. ज्याला फक्त जोडाक्षरं यायची राहिलीत तो मुलगाही त्यांच्याच दारात उभा केला, तर ज्याला खरोखर अध्ययन अक्षमता आहे त्याचा वेळ खाल्ला जातो.

तपासणी आणि दाखल्याचंही असंच. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेली आहे. दाखला असला तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मराठीतून तपासणी करायची साधनंही आता आहेत, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली दाली ही चाचणी मराठीतही आहे. पण आपल्याकडे बहुतेक पालक या वाटेला लागतात ते नववीत, सवलतीसाठी. मग सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी फेऱ्या सुरू होतात. ज्या मुलाला तिसरीत आठ आठवडे नीट मदत दिली असती आणि तरीही ते हललं नसतं, त्याची अक्षमता तेव्हाच उघड झाली असती. मधली पायरी चाळणीचंही काम करते, ते असं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो तुकड्यांचा. माझ्या पिढीने अ, ब, क, ड तुकड्या पाहिल्यात. गुणांवरून पोरं वाटायची आणि ‘ड’मध्ये पडला तो दहावीपर्यंत ‘ड’मध्येच. गट पाडले की तेच होणार, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. फरक एकच आहे, पण तो पाळला नाही तर सगळंच फसेल. गटाला शेवटची तारीख हवी. गट विषयाचा हवा, मुलाचा नव्हे. वाचनाच्या गटातला मुलगा गणितात वर्गाच्या पुढे असू शकतो. दर आठवड्याला मुलाने एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं आणि आठ आठवड्यांत रेघ वर गेली की गटातून नाव काढायचं. गेली नाही तर शिकवण्याची पद्धत बदलायची आणि त्याने भागलं नाही तर तपासणीला पाठवायचं. वर्षभर त्याच गटात बसलेलं मूल दिसलं तर ती ‘ड’ तुकडी आहे असं समजावं आणि मुख्याध्यापकांना जाब विचारावा.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो रास्त आहे. यूडायसवर शाळेची माहिती भरा, मुलांचे अपार ओळखक्रमांक काढा, पोषण आहाराचा हिशेब ठेवा, निवडणुकीच्या कामाला जा, सर्वेक्षणाला जा आणि वर ही तीन पायऱ्यांची नवी नोंदवही. त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकून हे होणार नाही, म्हणून वेगळा माणूस हवा असं मी म्हणतोय. हिशेब अवघड नाही. चारशे मुलांची शाळा धरा. पंधरा टक्के म्हणजे साठ मुलं. सहा-सहाचे दहा गट. रोज अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. आठवड्याला वीस तास शिकवणं झालं. एका पूर्णवेळ माणसाचं काम, चाचण्या घ्यायला आणि वर्गशिक्षकांशी बोलायला वेळ उरवून. डीएड झालेली कितीतरी मुलं-मुली नोकरीविना याच शहरांत क्लासमध्ये राबतायत. त्यांना नीट पगार देऊन, प्रशिक्षण देऊन या कामावर घ्यावं. बालसखीसारखं मानधनावर नको, कारण मानधनावर नेमलेलं माणूस दुसरी नोकरी लागली की निघून जातं आणि मुलांचा गट उघडा पडतो. महापालिकांना हे पेलणार नाही असं कुणी म्हणालं तर मी त्यांना शाळांच्या रंगरंगोटीची आणि डिजिटल फळ्यांची टेंडरं काढून दाखवायला सांगेन.

हे केलं नाही तर बिल कुठे फाटतं, तेही बघू. नववीत. आठवीपर्यंत कसंबसं आलेलं मूल नववीत येतं आणि शाळेला समोर दहावीचा निकाल दिसायला लागतो. जूनमध्ये गेटवर ‘शंभर टक्के निकाल’ असा फ्लेक्स लागायचा असतो. मग काही ठिकाणी पालकांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं जातं, नववी रिपीट करण्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. खासगीरीत्या परीक्षा देण्याची ती सोय शाळा सुटलेल्यांसाठी आहे. तिचा वापर शाळेतल्या मुलाला शाळेबाहेर काढायला होतो. निकालाच्या टक्केवारीत ते मूल मोजलं जात नाही. शंभर टक्क्यांचा फ्लेक्स दिसला की मी हल्ली एकच विचारतो, पाचवीत या तुकडीत किती मुलं होती?

तेव्हा परीक्षा ठेवा किंवा काढा, माझा त्यावर फार आग्रह नाही. पाचवीला परीक्षा असेलच तर ज्या मुलाला आधीच्या वर्षात मधल्या पायरीची मदत मिळाल्याची नोंद नाही त्याला नापास करायचा हक्क शाळेला नसावा, एवढा एक नियम राज्याने जोडावा. केंद्राच्या २०२४च्या नियमांत मागे राहिलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी ठेवावी आणि त्यांच्या प्रगतीवर स्वतः लक्ष ठेवावं, असं आहेच. ती यादी नापास झाल्यावर करायची, ही त्यातली खोट. ती जुलैत व्हायला हवी.

पालकांच्या हातातही थोडं आहे. जूनमधली पहिली सभा गणवेश, रिक्षा आणि डब्यात काय द्यायचं यात संपते. तिथे हात वर करून विचारा की वाचनात मागे असलेल्या मुलांची यादी कोण करतं, त्यांचा तास वेळापत्रकात कुठे आहे आणि त्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या तर तो तास कोण घेतं. ‘आम्ही वैयक्तिक लक्ष देतो’ असं उत्तर आलं तर तास नाही असं समजून शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी मागणी करा. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, माध्यम कुठलंही असो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत यादी झाली तर सप्टेंबरच्या मध्यावर पहिले आठ आठवडे संपतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरा गट बसवता येतो.